आक्कांच्या हातची मिश्री

मला चारचौघांत बोलता येत नाही. लग्नकार्यातसुद्धा मी चुलीजवळची जागा धरते आणि पंगती उठेपर्यंत तिथून हलत नाही. मिरजेच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, नव्या बायका भरती होतात, घाबरलेल्या असतात, तपासणीला याल तेव्हा त्यांच्याशी दोन शब्द बोलत जा. दोनदा गेले आणि दोन्ही वेळा नुसती शेजारी बसून आले. मग त्याच म्हणाल्या, बोलवत नसेल तर लिहून द्या, मी वाचून दाखवते, नाव घेणार नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे ऐकणारीचा जीव टांगणीला लागणार नाही. मी बरी आहे. काल पिठलं-भात खाल्ला, तोही दोनदा वाढून घेऊन. माझा आजार तोंडाचा होता, आतल्या गालाचा. पण मला जे सांगायचं आहे ते गालाचं थोडं आणि मी बोललेल्या एका खोट्याचं जास्त आहे. त्या खोट्यानं आमच्या घरातलं आणखी एक माणूस जाता जाता राहिलं.

*

आमचं गाव कराड आणि इस्लामपूरच्या मधलं, उसाच्या पट्ट्यातलं. घरात आम्ही तिघं. हे फौजेतून हवालदार होऊन आलेले. मुलगाही फौजेतच, तिकडं वर. तिसऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं.

लग्न होऊन आले तेव्हा सासू नव्हती. सासूचं, आईचं, बहिणीचं सगळं आक्कांनीच केलं. तिसऱ्याच दिवशी माझी दाढ ठणकायला लागली. नवी नवरी, सांगणार कुणाला? आक्कांनी गाल बघून ओळखलं. तळहातावर चिमूटभर काळी पूड ठेवली आणि म्हणाल्या, "लाव. किडा मरंल." मी लावली, गरगरलं, आक्कांना दिसू नये म्हणून गोठ्यामागं भिंत धरून बसले. पण दाढ थांबली. तेव्हापासून तीस वर्षं रोज सकाळी मिश्री.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाजारातून तंबाखू आणायची, लोखंडी तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना चोळायची. भाजताना सगळं घर शिंकतं. आक्कांच्या हातची मिश्री आळीत नावाजलेली. बायका वाटी घेऊन मागायला यायच्या. आक्का सांगायच्या, दुसऱ्यांची कच्ची राहते म्हणून ती वाईट. आपली करपूस भाजलेली, तिच्यातलं विष तव्यावरच जळून जातं. यावर आमच्या आळीत कुणालाच शंका नव्हती.

आणि खरं सांगू का, मिश्रीपेक्षा ती वेळ गोड होती. सकाळी परसात आम्ही दोघी पाव तास बसायचो. तेवढ्यात कुणी हाक मारायचं नाही. जन्मात मी जे काही बोलले असेन ते त्या पाव तासातच.

*

डाव्या गालात, जिथं मिश्री साठायची तिथं, एक जखम झाली. दुखत नव्हती, पण तिखट लागलं की आग व्हायची. दाढ घासत असेल म्हणून तूप लावलं, हळद लावली. बरी होईना. कुणाला दाखवायची लाज. मग मी आमटीतलं तिखटच कमी केलं.

हे पंधरा दिवस कुरकुरले. "मिलिटरीच्या लंगरात बी ह्याच्यापरीस चव असायची." मग एका दुपारी त्यांनी पाहिलं की मी भाकरी उजव्याच बाजूनं चावते आणि डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्या दिवशी गाडीवर बसवून कराडजवळच्या मलकापुरातल्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता का? मी मान हलवली, नाही. मी खोटं बोलत नव्हते. तंबाखू म्हणजे गडी लोक चुना लावून मळतात ती, असंच माझ्या डोक्यात होतं. मिश्री तर दाताचं औषध. त्यांनी पुन्हा विचारलं, मिश्री? मी हो म्हटलं. त्यांनी हातातली काडी खाली ठेवली आणि मिरजेला चिठ्ठी लिहून दिली.

मिरजेला आक्का आमच्याबरोबर आल्या. पहिल्या खेपेला तुकडा काढला, दुसऱ्या खेपेला निकाल. डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलाएवढ्या. त्यांनी कागदावर गालाचं चित्र काढलं आणि सरळ सांगितलं, कॅन्सर आहे, पण अजून गालातच आहे, काढता येईल. मला चित्र दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. हे एकदम उठून ताठ उभे राहिले, जसे साहेबापुढं राहायचे, आणि म्हणाले, "मॅडम, पुढचा हुकूम काय?" मॅडमना हसू आवरलं नाही. तेव्हा मला दोघांचाही राग आला. आता वाटतं, बरं झालं, तो शब्द ऐकल्यावर पहिल्यांदा कानावर हसणंच पडलं.

मग ह्यांना पैसे भरायला बाहेर पाठवून मॅडम लिहायला लागल्या. मिश्री कधीपासून, सवय कुठून लागली. सहज विचारलं होतं. शेजारच्या स्टुलावर पिशवी मांडीत घेऊन आक्का बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. इतका वेळ मला शब्द फुटत नव्हता, पण तेव्हा मात्र लगेच फुटला. म्हटलं, "माहेरी. ल्हानपनापासनं."

आक्कांचे खांदे खाली आले. मला बरं वाटलं. एवढं करणाऱ्या बाईच्या माथी हे कशाला मारायचं?

परतीच्या एसटीत आक्कांनी तो विषय काढला. म्हणाल्या, "तरीच म्हनलं. तुज्या म्हायारची कच्ची असनार. आपल्या घरच्या मिसरीनं असं व्हायचं न्हाई." आणि पिशवीतून डबी काढून, खिडकीकडे तोंड करून त्यांनी बोट फिरवलं.

*

ऑपरेशनच्या आधी मला वाटायचं, कॅन्सर म्हणजे टायफॉइडसारखा एकच आजार. बायकांच्या वॉर्डात गेल्यावर कळलं की ही एका आडनावाची पुष्कळ घरं आहेत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, औषध वेगळं.

माझ्या शेजारी जतच्या बाजूची शांतव्वा होती. तिला छातीत गाठ. ती सांगायची, गाठ दुखतच नव्हती, म्हणून वर्षभर कुणाला बोलले नाही, दुखली असती तर त्याच दिवशी बोंबलले असते. समोर फलटणच्या एक आजी. त्यांना गर्भाशयाच्या तोंडाचा. पाळी जाऊन दहा वर्षं झाली आणि पुन्हा अंगावर जायला लागलं, तर म्हणे, "म्या म्हनलं, द्येवानं परत तरनी केली का काय." त्यांच्या पलीकडे कोयनानगरची एक बाई, तिला आतड्याचा. तिला चक्कर यायची. तिकडं जमीन हलायची सवय, म्हणून प्रत्येक वेळी ही दारात पळायची आणि शेजारणीला विचारायची, आत्ता भूकंप झाला का? शेजारीण म्हणायची, नाही. असं चार-पाच वेळा झाल्यावर शेजारणीनंच दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की शौचावाटे रक्त जाऊन जाऊन अंगात रक्तच उरलं नव्हतं. ह्यांची पुरुषांच्या वॉर्डात ओळख झाली होती. तिथं एकाला फुप्फुसाचा, महिनोन्‌महिने खोकला होता आणि तो बिडी ओढून खोकला दाबायचा. एका म्हाताऱ्यांना लघवीच्या जागच्या ग्रंथीचा, त्यांना वाटलं वयामुळे थेंब थेंब होतं. एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी निघाली. शरीरानं सांगितलं होतं, आणि प्रत्येकानं त्याला काहीतरी दुसरंच नाव दिलं होतं.

कोयनेच्या बाईंनी भूकंपाची गोष्ट सांगितली तेव्हा सगळा वॉर्ड हसला. माझ्या उशाशी उभ्या असलेल्या आक्का तर मान मागे टाकून हसल्या. मी खाली खाटेवर होते. मला त्यांच्या खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसला, वाळलेल्या सायीसारखा. मॅडमनी मला आरशात हेच बघायला शिकवलं होतं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, पुसून न जाणारा, किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली की दाखवायला यायचं.

सगळे हसत होते. माझं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि त्या क्षणी मला माझी भीती आठवेना.

*

ऑपरेशनचं मी फार सांगत नाही. गालाचा तुकडा काढला, चार दाढा गेल्या, मानेतल्या गाठी काढल्या आणि हाताची कातडी आत लावली. जाग आली तेव्हा नाकात नळी होती आणि हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. पहिले आठ दिवस बोलायचं नव्हतं. त्याचं मला काहीच अवघड गेलं नाही. सिस्टर म्हणाल्या, इतकी गुणी पेशंट बघितली नाही. त्यांना काय ठाऊक.

आरसा चौथ्या दिवशी मागितला. गाल सुजून नारळ झाला होता. मी आरसा ह्यांच्याकडे परत दिला. त्यांनी तो स्वतःसमोर धरून मिशा नीट केल्या आणि म्हणाले, "माजं तर ठीक हाय." मला हसायला मनाई होती. टाके ओढले.

मला लिहायला पाटी दिली होती. मी ह्यांना लिहून दाखवलं, आक्कांच्या ओठात पांढरं आहे, मॅडमना दाखवा. ह्यांनी आक्कांना सांगितलं. आक्का म्हणाल्या, चुना लागला असंल, आणि माझी मिश्री काय तिच्या माहेरची आहे का? हे पाटीकडे परत आले. "तू माहेरी मिसरी लावायचीस? लग्नात तर दात पांढरंफेक हुतं." मी पाटी पुसली. मग लिहिलं, नाही. त्यांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, हे माझ्यानं व्हायचं नाही. तुम्हा दोघींतलं आहे. तुलाच सांगावं लागेल.

आणि तिथंच माझी गाडी अडली. मला लिहिता येतं, बोलवत नाही. आक्कांना अक्षरओळख नाही.

*

मग किरणं सुरू झाली. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस. तोंडावर जाळीचा मुखवटा घालून, हलू नये म्हणून मेजाला बांधून टाकतात. दुखत काही नाही. मी डोळे मिटून वर्षभराचे मसाले मनातल्या मनात करायची, धने भाजायला घेतले की मिरच्या येईपर्यंत शेक संपलेला असायचा. त्रास नंतर होतो. तोंड आतून सोलून निघतं, थुंकी आटते, साखरसुद्धा पिठासारखी लागते. ज्यांचं हे चालू आहे त्यांना सांगते, चव परत येते. माझी आधी आंबट आली, मग गोड. तिखटानं मात्र अजून रुसवा सोडलेला नाही.

त्या सहा आठवड्यांत आम्ही दवाखान्याजवळ खोली घेऊन राहिलो. आक्का रोज तीन वेळा माझ्यासाठी भाकरी दुधात भिजवून मिक्सरमधून काढायच्या, गाळणीनं गाळायच्या, पुन्हा बघायच्या. एक गाठ राहिली तर स्वतःवरच रागवायच्या. आणि मग मोरीपाशी जाऊन, पाठ करून, डबी उघडायच्या. मला डबीच्या झाकणाचा आवाज यायचा. एवढी माया करणाऱ्या बाईला सांगायचं की हे तुमच्या हातानं झालं?

तोंड आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा व्यायाम दिला होता. काड्यांची चळत दातांत धरायची आणि रोज एकेक वाढवायची. पहिल्या दिवशी पाच काड्याही जाईनात. ह्यांनी तो व्यायाम फौजेचा करून टाकला. सकाळी सहाला शिट्टी. "काड्या, जागा ले. एक, दो." खोलीमालकाची नातवंडं बघायला यायची. एके दिवशी बारावी काडी बसली तेव्हा ह्यांनी मला सलाम ठोकला.

बोलण्याचाही व्यायाम होता. प, ब, म ही अक्षरं मोठ्यानं म्हणायची. मी त्याऐवजी एक वाक्य म्हणायची, कुणी नसताना, भिंतीला तोंड करून. तीच तीन-चार वाक्यं. आधी शब्द सांडायचे, मग सुधारले. गावी परत आलो तोवर वाक्य अगदी स्वच्छ झालं होतं. तरी मी महिनाभर सांगितलं नाही. शब्द येत होते, धीर येत नव्हता. रोज उद्यावर ढकलायची, आणि आक्का जेवताना बोलल्या की माझी नजर त्यांच्या ओठावर जायची. चट्टा मोठा झाल्यासारखा वाटायचा.

*

मग आळीतली एक नवी सून वाटी घेऊन मिश्री मागायला आली. आक्का तिला डबा काढून द्यायला लागल्या आणि म्हणाल्या, ही भाजलेली हाय, हिनं काय व्हत न्हाई, आमच्या धाकटीला झालं ते तिच्या माहेरच्या कच्च्या मिसरीनं. पोरगी विशीतली. ती माझ्याकडे बघत होती, खरं का म्हणून.

मी म्हटलं, "आक्का, म्हायारी म्या कवाच मिसरी लावली न्हाई. डाक्टरला खोटं सांगितलं. ह्या घरात आल्यावरच लावली. तुमच्याच हातची, भाजलेली."

भिंतीपुढं पन्नासदा म्हटलेलं वाक्य, पण तेव्हा आवाज माझा नव्हताच.

त्या पोरीनं वाटी पदराखाली घेतली आणि निघून गेली. आक्का तिथंच बसून राहिल्या, डबा मांडीवर. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी म्या?"

"मिसरीनं," मी म्हटलं. "तुमी दाढ दुकती म्हनून दिली. तुमाला तरी कुनी सांगितलं हुतं?"

मग मी त्यांच्या ओठातल्या पांढऱ्याचंही सांगून टाकलं. त्या उठून गेल्या.

दोन दिवस आक्का कुणाशी बोलल्या नाहीत. सगळी भांडी काढून घासली, स्वच्छ होती तीही. हे म्हणाले, आपल्याला आता सैपाकाला भांडंच शिल्लक राहणार नाही. मला वाटलं, गेलं, तीस वर्षांचं सगळं एका वाक्यात गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आक्का अंगणात इरकल नेसून उभ्या, लग्नाला नेसतात ती. हातात पिशवी. "चल. तुज्या डाक्टरनीला दावू. पर आदीच सांगून ठिवती, तिनं कात्री घितली तर म्या तितं हुबी ऱ्हानार न्हाई."

*

मॅडमनी तपासलं आणि लिहिता लिहिता नेहमीचा प्रश्न विचारला, तंबाखू, मिश्री काही? आक्कांचा आवाज मुळातच शेतातून घरी हाक पोचेल असा. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं. आन् ह्या धाकटीला बी म्याच लावली. ती म्हायारचं सांगती ते खोटं हाय. तिच्या कागदावरचं खोडा आन् माजं नाव लिवा."

बाहेर रांगेतली माणसं आत डोकावायला लागली. मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आक्का, आम्ही कुणाचं नाव लिहीत नाही. काय लावलं आणि किती वर्षं, एवढंच लिहितो."

"मग मिसरीचं तरी नीट लिवा," आक्का म्हणाल्या. "भाजलेली म्हनून लिवा. भाजलेली बी वंगाळच, असं लिवा."

मॅडमनी लिहिलं, आणि वाचून दाखवलं.

कात्री लागलीच, पण बारीकशी, आणि आक्का जागच्या हलल्या नाहीत. आठ दिवसांनी निकाल आला. कॅन्सर नाही. पण चट्टा असा की मिश्री चालू राहिली असती तर पुढं भरवसा नव्हता. बंद करायची आणि दर तीन महिन्यांनी दाखवत राहायचं. मॅडमनी तो कागद माझ्या हातात दिला, कारण वाचणारी मी होते. मी आक्कांना शब्द न् शब्द मोठ्यानं वाचून दाखवला, सगळ्यांदेखत.

मिश्री सोडणं सोपं नाही हेही सांगते. मला आजारानं सोडवली. आक्कांना शुद्धीत सोडावी लागली. महिनाभर डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, आणि भांडण मात्र कुणाशीही. म्हशीशीसुद्धा. हे म्हणायचे, बॉर्डरवर बरं होतं, तिकडून गोळी कुठून येणार ते माहीत असायचं. मॅडमनी बडीशेप चघळायला सांगितली होती. ह्यांनी आल्यागेल्याकडून बडीशेपेच्या पुड्या जमवल्या.

पण निकालाच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. परतीच्या एसटीत आक्का खिडकीशी बसल्या होत्या. सांगली गेली, आष्टा गेलं, त्या बाहेरचा ऊस बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तवाच का सांगितलं न्हाईस गं?"

मी म्हटलं, "तुमी रडला असता."

"रडली असती," आक्का म्हणाल्या. "आन् मंग आली असती. उगं सा म्हयनं घालवलंस."

आणि त्या एसटीतच रडायला लागल्या, मोठ्यानं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं. कंडक्टर विचारायला आला, काय झालं मावशी. आक्कांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "काय न्हाई बाबा. माजा निकाल चांगला आलाय."